आकडा आधी, उत्तर मागाहून



दहावीचा निकाल लागला, की पुष्कळ घरांत एक विषय हमखास निघतो. पुढे परदेशी शिकायला जायचे का? मग बोलणे होते ते शुल्काचे, प्रवेशपरीक्षांचे आणि विमानाच्या तिकिटाचे. तिथे गेल्यावर विद्यार्थी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय करतो, हे मात्र कुणी विचारीत नाही. 'संशोधन करतो' एवढ्या उत्तरावर सगळ्यांचे समाधान होते.

पुण्याच्या वाचकांना याची थोडी कल्पना घरबसल्या येऊ शकेल. कात्रज-धनकवडी भागात भारती विद्यापीठाच्या आवारात आणि आसपासच्या गल्ल्यांत इतर देशांतून शिकायला आलेली मुलेमुली दिसतात. आपल्याला कात्रज म्हणजे बसचा शेवटचा थांबा, दूध डेअरी, तलाव आणि सर्पोद्यान. त्यांना तोच परदेश आहे. त्यांचे सुरुवातीचे दिवस खोली शोधण्यात, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करण्यात, बसवरचे मराठी आकडे ओळखण्यात आणि भाजीवाल्या मावशींना 'कितीला?' असे विचारायला शिकण्यात जातात. अभ्यास सुरू व्हायचा तो त्यानंतर, असे आपल्याला वाटते. मला तसे वाटत नाही. परक्या देशात विद्यार्थ्याची खोली, भाषा, पैसा आणि त्याचे संशोधन ही एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की एकाला धक्का लागला तर दुसरे हलते. हे दाखवून देणारे एक उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. ते शंभर वर्षांपूर्वीच्या सुमाराचे आहे, आणि ते प्रत्येक शाळेत सांगितले जावे असे माझे मत आहे.

इरावती कर्वे यांचे नाव तुम्ही 'युगान्त' या पुस्तकामुळे ऐकले असेल. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवले. शिक्षणासाठी त्या लहानपणीच पुण्यास आल्या, हुजूरपागेत शिकल्या, १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. पुढे मुंबईस गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. पती दिनकर धोंडो कर्वे हे रसायनशास्त्रज्ञ. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले असल्यामुळे पत्नीनेही तिथे जावे असा त्यांचा आग्रह होता. गंमत अशी, की स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणारे त्यांचे वडील, महर्षी कर्वे, यांचा या बेताला विरोध होता! पैसेही नव्हते. जीवराज मेहता यांनी, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, कर्ज दिले आणि १९२८ च्या नोव्हेंबरात बाईंचा बर्लिनमधला मुक्काम सुरू झाला.

डिसेंबरात बर्लिनला सकाळी आठ वाजून गेले तरी सूर्य उगवलेला नसतो आणि दुपारी चारच्या आतच तो मावळतो. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ही एकच गोष्ट पुरेशी आहे. त्यात भाषा जर्मन. नुसती बोलायची नव्हे, तर त्याच भाषेत प्रबंध लिहायचा. एक मात्र सोय होती. जर्मन भाषेत आकडे बहुतेक आपल्यासारखेच एककापासून बोलतात. आपण अठ्ठेचाळीस म्हणतो, म्हणजे आधी आठ, मग चाळीस. जर्मन माणूस म्हणतो 'आख्ट-उंट-फिर्त्सिग', आठ आणि चाळीस. इंग्रजाची जिथे त्रेधा उडते, तिथे मराठी माणसाचा कान आधीच तयार असतो. आणि आकडे तर बाईंना पुढे ढिगांनी टिपायचे होते.

बर्लिनच्या डालेम या उपनगरात कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती. ती १९२७ साली निघालेली. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे युरोपात गाजलेले शास्त्रज्ञ. तेच बाईंचे मार्गदर्शक. त्यांनी दिलेला विषय ऐकायला साधा वाटतो. माणसाची कवटी डावीकडे आणि उजवीकडे सारखी असते की नाही? पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता. गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक मोठा, म्हणून त्यांची कवटी अधिक असमान, आणि म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, अशी फिशर यांची कल्पना होती. त्या कल्पनेला पुरावा हवा होता. तो आणण्याचे काम हिंदुस्थानातून आलेल्या, स्वतः गोऱ्या नसलेल्या एका विद्यार्थिनीवर आले होते.

आता हे काम कसे चालते ते नीट पाहू. कारण 'संशोधन' या शब्दामागचा दिवस कसा असतो ते इथे कळेल.

टेबलावर एक कवटी आणि हातात कॅलिपर. तुमच्या प्रयोगशाळेतल्या कॅलिपरचाच हा मोठा भाऊ समजा. प्रथम कवटीची मध्यरेषा ठरवायची. ती कुणी आखून ठेवलेली नसते. हाडांच्या सांध्यांवरून आणि ठरावीक बिंदूंवरून ती काढावी लागते. मग त्या रेषेपासून डावीकडचे अंतर, उजवीकडचे अंतर, असे एकेक माप घ्यायचे. दोन बाजूंतला फरक असतो थोड्याशा मिलिमीटरांचा. हात किंचित हलला, बिंदू जरासा सरकला, तर तेवढा फरक आपल्या चुकीनेच पडतो. म्हणून तेच माप पुन्हा घ्यायचे. दुसऱ्या दिवशी, कालचा आकडा न बघता, आणखी एकदा घ्यायचे. बाईंनी १४९ कवट्या अभ्यासल्या. समजा, एका कवटीची वीस मापे घेतली आणि प्रत्येक दोनदा घेतले, तर आकडे झाले ५,९६०. मग त्यांची बेरीज, सरासरी, तुलना. त्या काळी संगणक नव्हता. असे दिवसामागून दिवस. यात चमत्कार कुठेच नाही. कंटाळा आहे, पाठदुखी आहे आणि खिडकीबाहेर अंधार आहे.

त्या कवट्या कुणाच्या होत्या? त्यांतल्या पुष्कळशा जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. ज्यांच्या त्या, त्यांना किंवा त्यांच्या नातलगांना कुणी विचारले नव्हते. तक्त्यावर क्रमांक असे, नाव नसे. आज कोणत्याही चांगल्या संस्थेत माणसांवरचा अभ्यास सुरू करण्याआधी त्यांची संमती घ्यावी लागते. तेव्हा अशी पद्धत नव्हती, हे सांगून तो अन्याय लहान होत नाही.

आकडे सगळे मांडून झाले. गोऱ्यांच्या कवट्या वेगळ्या निघाल्या का? नाही. असमानता सगळीकडेच होती. तिचा वंशाशी काही संबंध लागेना.

इथे क्षणभर थांबा आणि त्या विद्यार्थिनीच्या जागी उभे राहा. वय पंचविशीच्या आत. डोक्यावर कर्ज. घर हजारो मैलांवर. पदवी द्यायची की नाही, हे ज्यांच्या हाती, त्यांच्याच कल्पनेविरुद्ध आकडे बोलताहेत. देशातली हवाही बिघडत चाललेली. १९२९ च्या मंदीनंतर बेकारी वाढत गेली, आणि १९३० च्या सप्टेंबरातल्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा बारावरून १०७ वर गेल्या. घरी असलेल्या विद्यार्थ्याचे गुरूशी बिनसले, तर तो दुसरा गुरू शोधील, एक वर्ष थांबेल, आईवडिलांकडे राहील. परदेशातल्या विद्यार्थ्याची भाकरी आणि पदवी अनेकदा एकाच हाताने वाढली जाते. म्हणूनच त्या हाताला हवे तेच उत्तर काढण्याचा मोह तिथे सर्वांत मोठा असतो.

आणि या मोहाला खोटे बोलावे लागत नाही, हे लक्षात घ्या. दहा-बारा कवट्या 'खराब झालेल्या' म्हणून बाजूला ठेवायच्या. एखादे माप 'विश्वसनीय नाही' म्हणून गाळायचे. मध्यरेषा जरा सोयीची आखायची. एकही आकडा खोटा न लिहिता पाहिजे ते उत्तर निघते! बाईंनी तसे केले नाही. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असे त्यांनी प्रबंधात लिहिले. त्यांना डॉक्टरेट मिळाली. मात्र गुण देताना गुरूंनी हात आखडता घेतला.

आता या गुरूंचीच दुसरी बाजू पाहा. फिशर यांनीही तरुणपणी परदेशी जाऊन क्षेत्र-अभ्यास केला होता. क्षेत्र-अभ्यास म्हणजे प्रयोगशाळा सोडून प्रत्यक्ष त्या जागी, त्या माणसांत जाऊन केलेला अभ्यास. १९०८ साली ते आजच्या नामिबियातल्या रेहोबोथ या गावी गेले. ती तेव्हा जर्मन वसाहत होती आणि तिथल्या हेरेरो व नामा लोकांचा जर्मन सैन्याने केलेला भीषण संहार नुकताच होऊन गेला होता. रेहोबोथला युरोपीय पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्यापासून झालेल्या वंशाचे लोक राहत. फिशर यांनी त्यांची मापे घेतली, घराण्यांच्या वंशावळी लिहून काढल्या, फोटो काढले, आणि १९१३ साली जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. मेहनत खरी होती, मापेही घेतलेली होती. पण मिश्र वंश हा हलका, हे उत्तर त्यांनी जहाजात चढतानाच बरोबर घेतले होते. त्यांच्या कामाची किंमत पुढे दुसऱ्यांनी मोजली. १९३७ साली र्‍हाइनलँड भागातल्या मिश्रवंशीय मुलांची सक्तीने नसबंदी करण्यात आली, तेव्हा त्यांची 'शास्त्रीय तपासणी' करणाऱ्यांत फिशर यांच्या संस्थेची माणसे होती.

एकाच संस्थेत, एकाच प्रकारचे उपकरण हाती धरणारी ही दोन माणसे. उपकरणाने दोघांत फरक केला नाही.

इरावतीबाईंना मी देवपणा देऊ इच्छीत नाही. परत आल्यावरही त्यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रातल्या जातिजमातींची शारीरिक मापे घेतली. माणसांचे गट अशा मापांवरून पाडण्याच्या पद्धतीला आज शास्त्रात फारसे स्थान उरलेले नाही. पण उघड्या डोळ्यांनी गावोगाव हिंडण्याची सवय त्यांनी सोडली नाही. १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. कोयना धरणाने ज्यांची गावे बुडाली, त्यांचे पुढे काय झाले याची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर केली आणि तिचा अहवाल १९६९ साली निघाला. शास्त्रज्ञाने धरणाची उंची मोजावी तशी उठवलेल्या माणसांची स्थितीही मोजावी, हे त्यातून दिसते.

कोयनेकडे जाणारी पुण्याची जुनी वाट कात्रजच्या घाटातूनच जाते, तेव्हा आपणही आता कात्रजला परत येऊ. कारण मला जे सांगायचे आहे, त्याचा संबंध बर्लिनपेक्षा तुमच्या शाळेशी अधिक आहे.

बर्लिनला जो प्रामाणिकपणा लागला, तो तिथल्या विद्यापीठात शिकवीत नाहीत. तो शाळेच्या प्रयोगवहीत शिकावा लागतो, आणि आपल्या शाळांत नेमके उलटे शिकवले जाते. एकच दाखला देतो. पाण्याचा उत्कलनबिंदू शोधण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. पुण्यातल्या कितीतरी वह्यांत उत्तर असते १०० अंश सेल्सिअस. आता पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि साधारण दर ३०० मीटरला पाणी एक अंश लवकर उकळते. म्हणजे पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळायला हवे. कात्रज शहराच्या मध्यापेक्षा उंच, तिथे त्याहूनही किंचित कमी. मग वर्षानुवर्षे मुलांनी १०० हा आकडा पाहिला कुठे? पुस्तकात. तापमापीवर ९८ दिसले, की मुले बावरतात, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात आणि १०० लिहून मोकळी होतात. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. ज्याने ९८ लिहिले, त्याच्या वहीवर तांबडी फुली.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. उत्तराला गुण देऊ नका, नोंदीला द्या. एखाद्याने ९६ लिहिले असेल, तर त्याला विचारा, तापमापीचा फुगा पाण्यात होता का, बर्फात ती शून्य दाखवते का. अशा एका ९६ मधून वर्गाला जेवढे शिकता येईल, तेवढे चाळीस वह्यांतल्या शंभरांतून येणार नाही. पाठ्यक्रम संपवण्याची घाई मला ठाऊक आहे. तरीही वर्षातला एक प्रयोग असा असू द्या, की ज्याचे उत्तर शिक्षकांनाही आधी माहीत नाही.

असा प्रयोग कात्रजला ओढ्याकाठी मिळेल. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो, तलावातून पुढे धनकवडी, पद्मावती, पर्वतीच्या बाजूने शहरात शिरतो आणि मुठेला मिळतो. पेशवाईत त्याचा शहरातला प्रवाह वळवण्यात आला. कात्रजच्या तलावाचे पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेले. पंप नाही, वीज नाही, केवळ उतार. त्या नळावर हवेसाठी आणि साफसफाईसाठी बांधलेले उच्छ्वास रोज कितीतरी जण पाहतात, आणि हे काय आहे असे त्यांतले फार थोडे विचारतात. दुसऱ्या देशातून आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारील. त्याला तो प्रश्न पडतो, कारण त्याच्या डोळ्यांना इथले काहीच सवयीचे नसते. ओढ्याकडे तुम्हीही तसेच पाहायला शिका.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला. काठच्या वस्त्यांत पाणी घुसले, भिंती पडल्या, माणसे गेली. पूर का आला? पाऊस फार झाला म्हणून, की पात्र अरुंद झाले म्हणून? याचे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. बोलणारा कोण आहे, त्याप्रमाणे ते बदलते. आकडे मात्र थोड्यांकडे असतात. ते तुम्ही गोळा करा.

उन्हाळ्याच्या तोंडी, पाणी घोट्याइतके असताना, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन ओढ्याच्या तीन-चार जागा निवडा. दोर आणि मीटरपट्टीने पात्राची रुंदी मोजा, दर अर्ध्या मीटरवर खोली मोजा. दहा मीटर अंतर आखून वाळके पान पाण्यावर सोडा आणि त्याला लागलेला वेळ घड्याळात पाहा. पात्र ३ मीटर रुंद, खोली सरासरी ०.२ मीटर, पानाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, तर गुणाकार येतो ०.३ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ३०० लिटर. पण तळाशी आणि काठाशी पाणी हळू वाहते, म्हणून त्याचे चार-पंचमांश घ्या. सुमारे २४० लिटर. मग पुलाखाली जा आणि तिथली मोकळी जागा मोजा. वरच्या बाजूचे पात्र आणि पुलाखालची जागा यांची तुलना करा. कुठे काय निघेल, मला माहीत नाही. तीच तर मजा आहे.

नंतर काठच्या घरांत जा. त्या रात्री पाणी कुठवर चढले होते, ते विचारा. भिंतीवर खूण असेल तर जमिनीपासून उंची घ्या. एका काकूंना ते खिडकीपर्यंत आठवेल, शेजारच्या आजोबांना माळ्यापर्यंत. दोन्ही लिहा, खोडू नका. ज्यांचे कुणी गेले आहे, त्यांना प्रश्नांची यादी वाचून दाखवू नका. ते बोलतील तेवढे ऐका, चहा दिला तर प्या, नाही म्हणाले तर उठा. काम पूर्ण झाले की तक्ता त्यांनाही नेऊन दाखवा. तो त्यांच्या भिंतीवरून आलेला आहे. वहीत प्रत्येक आकड्याशेजारी तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याचे नाव हवे, आणि 'मोजता आले नाही' असे लिहिण्यासाठी एक रकाना हवा.

ओढ्यापासून लांब राहणाऱ्यांनी निदान पाण्याचा प्रयोग करावा. तुमच्या गावी पाणी किती अंशांवर उकळले, ते गावाच्या उंचीसह आम्हाला लिहून पाठवा. महाबळेश्वर, सोलापूर, रत्नागिरी, नागपूर, कुठूनही चालेल. नेमके १०० आले असेल आणि तुमचे गाव समुद्रकाठचे नसेल, तर तापमापी एकदा बर्फात बुडवून तपासा आणि मगच पत्र टाका.